तातोबाचं दुखणं

ओढ्याचं पाणी आटत आटत एका डबक्यापुरतं उरलं, तेव्हा कुठे गावाला तातोबाच्या घरच्या कामाचा वास यायला लागला. त्याआधी तीन पिढ्या ते काम त्याच काठावर चाललं होतं आणि कुणी नाक मुरडलं नव्हतं. वाहत्या पाण्यात सगळं वाहून जातं. पाणी थांबलं की माणसांना एकमेकांची घाण दिसायला लागते.

तातोबा हे त्याचं खरं नाव नव्हे. मेंढ्यांची आतडी खाटकाकडून आणायची, रिकामी करायची, धुवायची, राखेच्या पाण्यात भिजवायची, बोथट सुरीनं खरवडायची, मग चाकावर पीळ देऊन खुंट्यांना ताणून वाळवायची, की झाली तात. कापूस पिंजणाऱ्यांना ती लागे, वाद्यं करणाऱ्यांना लागे. तात करणारा म्हणून तातोबा. खरं नाव हाक मारायला उरलेली माणसं केव्हाच संपली होती.

घरात तिघंच. तातोबा, त्याचा मुलगा आणि सून. धुण्या-खरवडण्याचं काम सुनेकडे, ने-आण मुलाकडे, आणि पीळ मात्र तातोबाच्या हातचा. "पिळाला हात लागतो," असं तो म्हणे, आणि तो हात आपल्याशिवाय कुणाला नाही हे न बोलता सांगे. सून त्याला आबा म्हणायची. सात वर्षांत दोघांचं बोलणं कामापुरतंच झालं होतं. "झालं का धुऊन?" "झालं, आबा." "वाळत घाल." संपलं.

त्या दिवशी सकाळी सून डबक्याच्या खालच्या टोकाला टोपलं घेऊन बसली होती. वरच्या अंगाला वाळूत खणलेला खड्डा होता. त्यात पाझरून येणारं पाणी गाव पिण्याला नेई. पीठगिरणीवाला चार जणांना घेऊन काठावर आला. नाकाला रुमाल, रुमालावर पीठ.

"तातोबा, हे बंद करा आता," तो म्हणाला. "इथं आतडी धुता आणि तिथं आम्ही पाणी भरतो."

तातोबा खुंट्या ठोकत होता. त्यानं मान वर केली नाही. "पाणी खालून वर चढतं का रे? तुझ्या गिरणीत पीठ वरून खालीच पडतं ना?"

दोघंतिघं हसले. गिरणीवाल्याला ते लागलं. "हसण्यावारी नेऊ नका. या पाण्यात तुम्ही स्वतः तोंड तरी धुवाल का? बोला."

तातोबानं हातोडा खाली ठेवला, डबक्यात घोट्यापर्यंत शिरला, वाकला आणि ओंजळ भरून पाणी प्याला. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी, अगदी सावकाश, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. ओल्या मिशा मनगटानं पुसल्या आणि म्हणाला, "गोड आहे. जा आता."

माणसं गेली. सुनेला सासऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती. तिनं सुरी उचलली आणि खरवडायला लागली.

दुसरा दिवस ठीक गेला. तिसऱ्या दिवशी उजाडताना चाकाचा आवाज आला नाही. सून बाहेर येऊन बघते तर तातोबा घरामागच्या कुंपणाकडून भिंतीला धरत धरत येत होता. खाटेशी पोहोचला नाही तोच परत वळला. असं तासाभरात पाच वेळा झालं. पाचव्या वेळी त्याला कुंपणापर्यंत जाता आलं नाही.

"आबा, पोट बिघडलं का?"

"काही नाही. शिळं खाल्लं असेल." मग थोडं थांबून, आवाज दाबून: "बाहेर बोलू नकोस कुठं."

तिच्या लक्षात आलं. गावाला कळलं तर गिरणीवाला जिंकला.

तिनं तांब्याभर पाणी दिलं. तहानेनं कासावीस झालेल्या माणसानं ते घटाघटा पिऊन टाकलं आणि तांब्या खाली ठेवायच्या आत सगळं ओकून काढलं. नाकातून, तोंडातून, अंगावर, जमिनीवर. पुन्हा प्याला, पुन्हा ओकला. तिसऱ्या वेळी त्यानं तांब्या ढकलून दिला.

"पाणी बंद," तो म्हणाला. "वरून घातलं की वरून येतंय नाहीतर खालून जातंय. भोक पडलेल्या घागरीत पाणी ओततं का कुणी? पोट रिकामं झालं की आपोआप थांबेल."

मुलालाही ते पटलं. तो बापाच्या शब्दाबाहेर कधी नव्हताच. "आबा म्हणतात ते खरं असेल," तो बायकोला म्हणाला. "थोडी वाट बघू."

वाट बघता बघता ऊन डोक्यावर आलं. जुलाब थांबले नाहीत. आता नुसतं पांढुरकं पाणी जात होतं, तांदूळ धुतल्यासारखं, आणि किती जावं याला सुमार नव्हता. पोटात काही घातलं नव्हतं, मग हे येतंय कुठून, हे सुनेला कळेना. तातोबाच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. गोळा आला की तो दात आवळून खाटेची कड धरी. डोळे खोल गेले. आवाज इतका बसला की बोललेलं ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागे. सुनेनं त्याचा हात हातात घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा. बोटांची टोकं सुरकुतली होती, दिवसभर धुणं धुतलेल्या बाईसारखी, आणि हात तर कोरडा. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली आणि मग हळूहळू खाली बसली.

"मी नर्सबाईला आणते," ती उठली.

"आबा नको म्हणालेत," नवरा म्हणाला.

"आबांना आता म्हणायला आवाज तरी उरलाय का?"

नवरा दारातून बाजूला झाला. ती पायात चपला अडकवून निघाली.

दवाखान्याची खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत गिरणी. गिरणीवाला दारातच उभा होता.

"काय गं, एवढ्या उन्हाची कुठं?"

डोकं दुखतंय असं सांगता आलं असतं. पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते आणि ती तिला वाटेसाठी हवी होती. "आबांना जुलाब-उलट्या लागल्यात. नर्सबाईकडे चाललेय."

गिरणीवाल्याच्या तोंडावर हसू पसरलं. आत दळण घेऊन बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "ऐकलं का! गोड पाणी बाधलं तातोबाला!"

आतून कुणीतरी हसलं. सुनेचे कान तापले. उत्तर जिभेवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि पाय उचलले. पुढच्या वळणापर्यंत पाठीवर त्या सगळ्यांची नजर तिला ओझ्यासारखी जाणवत होती.

दवाखान्याच्या खोलीत जमिनीवर तीन माणसं आडवी होती आणि चौथा भिंतीला टेकून बादलीत ओकत होता. नर्सबाई घामानं निथळत होती. सुनेनं सांगितलं तसं तिनं एकच विचारलं, "लघवी केव्हा झाली शेवटची?"

"सकाळपासून नाही."

नर्सबाईनं पिशवी खांद्याला अडकवली. "चल."

खाटेशी बसून तिनं तातोबाची नाडी धरली, जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "आजोबा, ऐकू येतंय? माझा हात दाबा. हां. नाडी लागतेय, शुद्ध आहे, गिळता येतंय. मग अजून आपल्या हातात आहे. पाणी किती दिलं?"

"बंद केलंय," मुलगा म्हणाला. "पोटात ठरतच नाही. आबा म्हणाले, फुटक्या घागरीत कशाला ओतायचं."

"घागर फुटलेली नाही," नर्सबाई म्हणाली. मग सुनेकडे वळली. "तू आतडी खरवडतेस ना? आतून ती कशी लागतात हाताला?"

"मऊ. मखमलीसारखी. तीच खरवडून काढावी लागते."

"त्या मखमलीचं काम दुहेरी असतं. ती आत पाणी सोडते आणि तेच पाणी परत ओढूनही घेते. तुझ्या-माझ्या पोटात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी असं ये-जा करतं. प्यालेलं दोन लिटर, बाकी लाळ, पित्त, आतड्यानं सोडलेलं. बाहेर पडतं पेलाभर. या आजारात सोडणं थांबतच नाही. आत काही न घालता एवढं जातंय ना? ते अंगातलं रक्त-मांस सुकवून जातंय. पाणी बंद केल्यानं ते थांबत नाही, माणूस संपतो."

"पण ओकतात, त्याचं काय?"

"तांब्याभर एकदम गेलं की पोट ताणलं जातं. ताणलेलं पोट डोक्याला निरोप धाडतं, टाक बाहेर. चमचाभर गेलं तर पोटाला पत्ताही लागत नाही." तिनं पिशवीतून चार पुड्या काढल्या. "उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात एक पुडी. पुड्या संपल्या तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजून, जास्त नाही. ओढून घेणारा दरवाजा या आजारातही उघडा असतो, पण साखर आणि मीठ जोडीनं गेली तरच. ती आत शिरली की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. मिनिटाला एक चमचा. ओकले तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा सुरू कर. उलट्या थांबल्या की मग वाटीनं, घोट घोट. जेवढं खालून जाईल तेवढं वरून भरायचं."

मग मुलाला म्हणाली, "तू जा, गाडी बघ. यांना नाहीतर माझ्याकडच्या दोघांना, सलाईनला न्यावं लागणारच. गुंगीत गेले, गिळेनासे झाले, तर क्षणभर थांबायचं नाही."

मुलगा धावला. नर्सबाई जायला निघाली तेव्हा तातोबानं बोट हलवलं. ती वाकली. तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतात?" सुनेनं विचारलं.

"विचारतायत, डबक्यामुळेच ना." नर्सबाईनं उसासा सोडला. "आजोबा, माझ्या खोलीतले चौघं तुमच्या डबक्याकडे फिरकलेही नाहीत. ते खड्ड्याचं पाणी पितात. असा पाण्यासारखा जुलाब पसरतो तो माणसाच्याच घाणीतून. खड्ड्याच्या वरच्या काठाला पहाटे कोण कोण टमरेल घेऊन बसतं ते मी बघते ना रोज. तुम्ही ओंजळी मारल्या नसत्या तरी घागर तुमच्या घरातही तिथलीच आहे. पण म्हणून आतडी धुतलेलं पाणी अमृत होत नाही. काम खाली न्या, चांगलं लांब. आता बोलू नका. प्या."

ती गेली. सुनेनं घागर दारात उपडी केली, शेजारणीकडून शेतावरच्या विहिरीचं पाणी आणलं, खळखळून उकळलं, परातीत भांडं ठेवून गार केलं, पुडी ढवळली. खाटेशी पाट घेऊन बसली.

पहिला चमचा. तातोबानं तोंड फिरवलं.

"आबा."

त्याचे डोळे भरल्यासारखे झाले, पण पाणी यायला अंगात पाणी नव्हतं. तो घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाला, "तू जा. मुलाला येऊ दे. घाण झालीय सगळी. मला लाज वाटते."

सुनेनं चमचा तसाच धरून ठेवला. मग सात वर्षांत कधी बोलली नव्हती तसं बोलली. "आबा, मी रोज शंभर हात आतडी धुते. त्यात तुमचं एक जास्त झालं तर काय बिघडलं?"

तातोबा तिच्याकडे बघत राहिला. ओठ फाटले होते. ते एका बाजूला किंचित वर गेले. चमचा आत गेला.

मग चमचा आणि चमचा. भिंतीवर घड्याळ नव्हतं. ती मनात साठपर्यंत मोजे आणि एक देई. विसाव्या चमच्याला तातोबाचं पोट उसळलं आणि सगळं तिच्या मांडीवर आलं. तिनं ते पुसलं, धोतराचा खालचा भाग बदलला, त्याची मांडी ओल्या फडक्यानं लहान मुलाची पुसावी तशी पुसली, आणि तो डोळे मिटून पडून राहिला. दहा मिनिटं थांबली. ती दहा मिनिटं तिला सगळ्यांत अवघड गेली. आता देऊ की नको, चुकतंय का, हा माणूस माझ्या हातात गेला तर नवऱ्याला काय तोंड दाखवू? मग पुन्हा सुरुवात. आणखी सावकाश.

पुन्हा एक उलटी झाली, लहान. त्यानंतर नाही.

पहिलं भांडं संपलं. दुसऱ्यापासून वाटी. पोटरीत गोळा आला की ती एका हातानं पोटरी चोळी आणि दुसऱ्या हातानं वाटी धरी. जुलाब चालूच होते, पण किती गेलं याचा अंदाज घेऊन ती तेवढं वरून भरत होती. दारातून ऊन सरकत खाटेच्या पायापर्यंत आलं, खाटेवर चढलं, उतरलं.

"चव कशी आहे?" तिनं एकदा विचारलं.

"अश्रूंसारखी," तातोबा म्हणाला. थोड्या वेळानं: "साखर घातलेल्या." आणखी थोड्या वेळानं त्यानं वाटी तिच्या हातातून स्वतःच्या हातात घेतली. थोडं सांडलं, पण वाटी तोंडाला बरोबर लागली.

तिसरं भांडं अर्ध्यावर आलं तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. तातोबा चुळबूळ करायला लागला.

"काय होतंय? पुन्हा?"

"नाही." तो अवघडला. "ते... दुसरं."

"दुसरं काय?"

"अगं, लघवीला लागलीय!"

सून उठली ती जवळजवळ ओरडलीच. त्याला धरून तिनं कुंपणापर्यंत नेलं आणि पाठ करून उभी राहिली. मागून बारीकसा, अडखळत, मग जरा नीट असा आवाज आला. गाण्याबजावण्याला आमच्या घरची तात जाते, तिचा आवाजही मला कधी एवढा गोड लागला नाही, असं ती पुढे कितीतरी दिवस शेजारणीला सांगत असे आणि दोघी पोट धरून हसत.

नेमका तेव्हाच मुलगा मालाची गाडी घेऊन आला. धुळीनं माखलेला, रडवेला. गाडीवाला घाईत उतरला. "पेशंट कुठाय?"

"मुतायला गेलाय," सून म्हणाली.

मुलगा कुंपणाकडे बघत उभा राहिला. बाप एका हातानं कुंपण धरून, दुसऱ्या हातानं धोतर सावरत उभा होता. मुलगा मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. गाडीवाल्याला यात रडण्यासारखं काय ते कळेना.

नर्सबाई आली, तिनं पुन्हा कातडी चिमटीत धरली, आणि ती सोडल्याबरोबर खाली बसली. "यांना नको आता गाडी. माझ्याकडचे दोघं जाऊ देत." गाडी त्या दोघांना घेऊन गेली, आणि चार दिवसांनी ते दोघंही आपल्या पायांनी चालत परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली तेव्हा तातोबा उशीला टेकून बसला होता आणि मऊ भात मागत होता. खड्ड्यावर नर्सबाईनं काटेरी फांद्या टाकून घेतल्या होत्या. शेतावरच्या विहिरीचं पाणी बैलगाडीवर पिंपं लादून येत होतं. मुलगा पहिल्या खेपेच्या बादल्या आत ठेवत होता, एवढ्यात दारात सावली पडली. गिरणीवाला. अंगावर पीठ नव्हतं, म्हणजे गिरणी उघडली नव्हती. डोळे तारवटलेले.

"बायकोला पहाटेपासून लागलंय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "नर्सबाई खालच्या वस्तीला गेलीय. ते पाणी कसं करतात... कुणी म्हणालं, तुमच्याकडे..."

सून सासऱ्याकडे बघायला लागली. नवराही. तातोबानं गिरणीवाल्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. आता हा काय बोलणार, याची तिघंही वाट बघत राहिली.

"ओकतेय का?"

"हो. पाणी दिलं की लगेच."

"किती देतोस एका वेळी?"

"तांब्याभर."

"गाढव आहेस," तातोबा म्हणाला. "सूनबाई, ते केलेलं भांडं दे त्याला. आपली पुडीही दे. आणि चमचा दे, लहान. ऐक रे, चमचा. मिनिटाला एक. ती पाया पडली तरी घोट द्यायचा नाही, उलटी थांबेपर्यंत. ओकली तर घाबरायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं. आणि तिची घाण तूच पुसायची. लाजायचं नाही. गुंगीत गेली तर मात्र सरळ गाडी बघायची, माझ्यासारखा शहाणपणा करायचा नाही."

गिरणीवाल्यानं भांडं दोन्ही हातांनी धरलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नंतर बोल," तातोबा म्हणाला. "जा आधी."

तो गेला. धावायचं मनात होतं, पण पाणी सांडेल म्हणून पाय जपून टाकत गेला. दुपारी त्याच्या घरून निरोप आला, पोटात राहतंय.

तो निरोप ऐकायला सून जागी नव्हती. गिरणीवाल्याला भांडं देऊन ती आत आली होती, जरा टेकावं म्हणून भिंतीशी बसली होती आणि बसल्या बसल्याच झोपली होती. तोंड उघडं, हातात ओलं फडकं. नवरा तिला उठवायला वाकला. संध्याकाळचं पाणी उकळायचं होतं.

"झोपू दे," तातोबा म्हणाला.

"पण पाणी..."

"मी उकळतो."

"तुम्ही? तुम्हाला चूल येते पेटवायला?"

"न यायला काय झालं?" तातोबानं पाय खाली सोडले, भिंतीला धरून उभा राहिला, एकेक पाऊल टाकत चुलीपर्यंत गेला आणि फतकल मारून बसला. पहिल्यांदा नुसता धूर झाला. दुसऱ्यांदाही. मुलगा पुढे झाला तसं त्यानं कोपरानं त्याला मागे सारलं, गाल फुगवले आणि फुंकत राहिला. शेवटी जाळ लागला. मग तो वाकडा होऊन, डोळे चोळत, भांड्यातल्या पाण्याकडे बघत बसून राहिला, ते खळखळेपर्यंत.